अनारसा का हसतो

महाराष्ट्राच्या फराळात सगळ्यात जास्त धास्ती घेतली जाते ती अनारशांची. शंकरपाळे जरा कमी गोड झाले तर खपून जातात, करंजीचं आवरण थोडं जाड राहिलं तरी कुणी बोलत नाही. अनारसा मात्र कढईत सोडल्याबरोबर पसरायला लागतो, त्याच्या कडा सुटतात, बघता बघता तुपात चुरा तरंगू लागतो आणि आठ दिवसांची मेहनत वाया जाते. याला अनारसा हसणं म्हणतात. असं झालं की कारणं शोधली जातात ती बहुधा करणारीतच. तिचा हात चांगला नाही, तिला घाई झाली, नजर लागली, दिवस बरा नव्हता. उलट जिचे अनारसे जाळीदार उतरतात तिच्या हाताला यश आहे, असं म्हणून विषय संपतो. मला हे दोन्ही निकाल चुकीचे वाटतात. अनारसा हसतो त्याला ठरलेली कारणं आहेत आणि ती मुख्यतः तीन ठिकाणी सापडतात: पिठातली ओल, गुळाचं प्रमाण आणि तुपाची धग. जाणत्या बायका ज्या खुणा सांगत आल्या आहेत त्या याच तीन गोष्टी मोजण्याच्या रीती आहेत. म्हणजे यश हातात नसून त्या हाताला माहीत असलेल्या गोष्टीत आहे, आणि माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला शिकवता येते.

हे मुद्दाम मांडावंसं वाटतं, कारण या पदार्थावर सामाजिक भार फार आहे. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देण्याची रीत अजून पुष्कळ घरांत पाळली जाते. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असतं. हा फरक भरून काढायला साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना वाढवावा लागतो. 2023 मध्ये श्रावण अधिक होता, 2026 मध्ये ज्येष्ठ. या वाणाला जाळीदार पदार्थच लागतो, म्हणून अनारसे. पदार्थ अवघड, करण्याची वेळ पावणेतीन वर्षांतून एकदा, शिवाय दिवाळीत एकदा, आणि पाहणारे डोळे व्याह्यांचे. इतक्या कमी सरावावर कोणतंही कौशल्य पक्कं होत नाही. त्यात कारणं सांगितलीच गेली नाहीत, तर बिघडलेल्या घाण्यातून शिकण्यासारखंही काही उरत नाही. उरतो तो फक्त कमीपणा, आणि तो एकट्या करणारीच्या वाट्याला येतो.

आधी गव्हाच्या पदार्थांकडे बघावं लागेल, कारण अनारशाचं वेगळेपण त्यांच्याशेजारी ठेवल्याशिवाय नीट कळत नाही. शंकरपाळे, करंजी, चिरोटे या सगळ्यांचा पाया मैदा किंवा रवा. गव्हाच्या पिठात पाणी पडलं आणि ते मळलं की त्यातली प्रथिनं एकमेकांत गुंतून चिवट जाळं तयार होतं. त्यालाच ग्लुटेन म्हणतात. पोळी लाटता येते ती त्याच्यामुळे, आणि करंजी वातड होते तीही त्याच्यामुळे. मोहनाचं काम या जाळ्याला आवर घालण्याचं. कडकडीत तापलेलं तूप पातळ असतं, ते पिठाच्या कणाकणावर बसतं आणि पाण्याला आत शिरू देत नाही. पीठ मुठीत दाबल्यावर मूठ वळली की मोहन पुरे झालं, ही खूण सगळ्यांना ठाऊक आहे. ती पिठाला किती तूप लागलं याचंच माप आहे. मोहन कमी पडलं की शंकरपाळा दगड होतो, फार झालं की तेलात विरघळतो. चिरोट्यात तर तूप आणि तांदळाची पिठी फेसून केलेला साटा दोन पोळ्यांच्या मध्ये पसरतात, म्हणजे थर एकमेकांना चिकटत नाहीत आणि तळताना पापुद्रे सुटतात. या सगळ्या पदार्थांत पदार्थाला धरून ठेवणारं काहीतरी असतं आणि आपलं काम ते बेताने सैल करण्याचं असतं.

तांदळात ग्लुटेन नाही. अनारशाच्या पिठाला धरून ठेवणारं असं काही मुळातच नसतं, आणि त्यात आपण पिठाच्या जवळजवळ बरोबरीने गूळ घालतो. कढईत गेल्यावर दोन गोष्टी एकदम सुरू होतात. गुळाचा पाक तापून पातळ होतो आणि पसरू पाहतो. त्याच वेळी तांदळातला स्टार्च पाणी शोषून फुगतो, चिकट होतो आणि गोळ्याला घट्ट धरू पाहतो. ही शर्यत आहे. स्टार्च आधी धरला तर अनारसा आकार राखतो, आणि वाफ वर निघताना पाडलेली भोकं तशीच राहून जाळी पडते. पाक आधी पसरला तर अनारसा हसतो. साध्या पाण्यात तांदळाचा स्टार्च 70 अंश सेल्सियसच्या आसपास फुगायला लागतो, पण सोबत साखर वा गूळ असला की ही पायरी वर सरकते, कारण गोडवा पाणी स्वतःकडे ओढून धरतो आणि स्टार्चला ते उशिरा मिळतं. गूळ जास्त झाला की अनारसा हसतो तो म्हणून. ओल जास्त असली की पाक मुळातच पातळ असतो, म्हणूनही हसतो. तूप पुरेसं तापलेलं नसलं की पाकाला पसरायला हवा तेवढा वेळ मिळतो, आणि तिसऱ्यांदा तेच होतं. पिठात तूप गरजेपेक्षा जास्त घातलं तर कण एकमेकांपासून सुटे राहतात, परिणाम तोच. दिसणारी फजिती एक, तिच्यामागची कारणं निरनिराळी. एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही आणि मग हा पदार्थ लहरी आहे असं वाटायला लागतं, ते यामुळेच.

आता पिठाकडे. जुना तांदूळ धुऊन तीन दिवस भिजत ठेवायचा, पाणी रोज बदलायचं, चौथ्या दिवशी उपसून सावलीत कापडावर पसरायचा आणि तो ओलसर असतानाच कुटून किंवा मिक्सरवर दळून बारीक चाळणीने चाळायचा. यातली खरी परीक्षा पसरलेला तांदूळ कधी उचलायचा ही आहे. हाताला गारवा लागला पाहिजे पण तळव्याला पाणी लागता कामा नये, दाणे एकमेकांना चिकटता कामा नयेत, आणि दळलेलं पीठ मुठीत दाबलं तर वळलं पाहिजे. ही खूण पाळली गेली नाही तर पुढचं कोणतंही प्रमाण जुळत नाही, कारण या पदार्थात पाणी वेगळं घालायचंच नसतं. पिठात राहिलेली ओल हेच त्याचं सगळं पाणी. दमट हवेत तांदूळ दोन तासांत हवा तसा सुकत नाही आणि कोरड्या हवेत तेवढ्याच वेळात खडखडीत होतो. म्हणून कोकणातल्या बाईने सांगितलेला वेळ मराठवाड्यात चालणार नाही, तळव्याची खूण मात्र दोन्हीकडे चालेल. विकतची कोरडी तांदळाची पिठी पाण्यात भिजवून अनारसे का होत नाहीत, याचंही उत्तर इथेच आहे. कोरडा कडक दाणा दळताना स्टार्चचे कण फार मोडतात आणि असे मोडके कण भराभर पाणी ओढतात. भिजून मऊ झालेला दाणा सहज फुटतो, पीठ अधिक बारीक होतं आणि स्टार्च पुष्कळसा शाबूत राहतो. तीन दिवसांत तांदूळ किंचित आंबतोही. त्या आंबटपणाने चव खुलते हे खरं, पण अनारसा जमतो तो आंबवण्यामुळेच असं मात्र म्हणता येत नाही.

असं का म्हणतो त्याला पुरावा शेजारच्या स्वयंपाकघरांतून मिळतो. बिहारमध्ये गया तिळकुटाइतकंच अनरशांसाठी ओळखलं जातं. आंध्र आणि तेलंगणात अरिसेलु, तमिळनाडूत अधिरसम, कर्नाटकात कज्जाया, ओडिशात अरिसा पिठा: तांदूळ, गूळ आणि तळण यांची ही एकच बिरादरी आहे. दक्षिणेत तांदूळ अनेकदा काही तास किंवा रात्रभरच भिजवतात आणि गूळ किसून न घालता त्याचा पाक करतात. पाक पाण्यात टाकल्यावर मऊ गोळी झाली की त्यात पीठ ढवळतात. म्हणजे तीन दिवसांचं भिजवणं सगळीकडे नाही, कच्चा गूळही सगळीकडे नाही. पण दोन गोष्टी यांतल्या पुष्कळ ठिकाणी सापडतात. पीठ ओलसर तांदळाचंच असतं, आणि गूळ मिसळल्यावर ते मुरवलं जातं. इतक्या प्रदेशांतल्या बायका याच दोन पायऱ्यांवर येऊन थांबल्या असतील, तर या पदार्थाचा कणा त्याच दोन पायऱ्या आहेत असं मानायला हरकत नाही. बाकी गोष्टी चवीच्या आणि रिवाजाच्या. अरिसेलु तळून झाल्यावर दोन सपाट झाऱ्यांमध्ये दाबून जादा तूप काढतात, आपल्याकडे अनारसे चाळणीत उभे करून निथळतात. तिकडे तीळ, इकडे खसखस.

मुरवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण घाईत हीच पायरी गाळली जाते. वाटीभर पिठाला पाऊण ते एक वाटी किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून मळलं की पहिल्या दिवशी गोळा कोरडा, भुरभुरीत वाटतो. नवशिक्या माणसाला इथे दूध घालायचा मोह होतो, आणि बहुतेक घाणे बिघडायला सुरुवात इथेच होते. गूळ ओल ओढतो. पिठातलं पाणी हळूहळू त्याच्याकडे जातं, तो विरघळतो आणि पाक होऊन कणाकणाभोवती पसरतो. पाच-सहा दिवसांनी तोच गोळा पाण्याचा थेंब न घालता मऊ झालेला असतो. पहिल्या दिवशी दूध घातलेलं असलं तर सहाव्या दिवशी पीठ सैल होऊन बसतं, शिवाय बुरशी धरायचा धोका वेगळाच. उलट मुरू न देता लगेच तळायला घेतलं तर गुळाचे न विरघळलेले खडे तुपात एकेका जागी वितळतात आणि तिथे खड्डे पडून अनारसा फाटतो. साखरेचे अनारसे करायचे असतील तर पिठीसाखर घ्यावी लागते ती याचसाठी. मुरलेलं पीठ घट्ट वाटलं तर तळायच्या दिवशी, आणि त्याच दिवशी, थोडं दूध किंवा कुस्करलेल्या केळ्याचा एखादा तुकडा मळून घ्यावा.

मग तळण. शंकरपाळ्यांसाठी तेलात कणकेची गोळी टाकून बघतात. गोळी तळाशी जाऊन सावकाश वर आली तर तेल बरोबर, टाकल्याबरोबर उसळली तर फार तापलं. अनारशाच्या पिठाचीही अशीच चिमूट टाकून बघावी. तूप 140 ते 150 अंशांच्या आसपास असलं की वर सांगितलेली शर्यत स्टार्च जिंकतो आणि रंगही हळू येतो. गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मोकळ्या स्वरूपात असतात, त्यामुळे गुळाचा पदार्थ साखरेच्या पदार्थापेक्षा पटकन लाल होतो. धग वाढवली तर बाहेरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. अनारसा खसखशीवर थापतात आणि खसखशीची बाजू वर ठेवून सोडतात, उलटत नाहीत. उलटला तर खसखस जळून कडू होते आणि वाफेची वाट बंद होते. त्याऐवजी झाऱ्याने वरून गरम तूप उडवत राहायचं, म्हणजे वरची बाजूही शिजते आणि भोकं मोकळी राहतात. तळण झालं हे रंगापेक्षा बुडबुड्यांवरून जास्त खात्रीने कळतं. बुडबुडा म्हणजे बाहेर निघणारं पाणी. तो मंदावला की आतली ओल गेली. ओल गेली नसेल तर पदार्थ दुसऱ्या दिवशी सादळतो, हे करंजीलाही लागू आणि शंकरपाळ्यालाही. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. पदार्थ बहुतेक तूप कढईत पीत नाही, कढईतून काढल्यावर पितो. तळत असताना वाफेचा जोर बाहेरच्या दिशेने असतो. बाहेर काढल्यावर आतली वाफ थंड होऊन आकसते आणि पृष्ठभागावरचं तूप भोकांतून आत ओढलं जातं. म्हणून काढल्याबरोबर, गरम असतानाच, उभं करून निथळायला हवं. ताटात आडवे पसरून ठेवले तर ते तूप पिऊन बसणारच.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की, ही सगळी शास्त्रीय उठाठेव ज्यांना कधी माहीत नव्हती त्यांनीच उत्तम अनारसे केले. बरोबर आहे. पण त्यांना कारण माहीत नव्हतं म्हणजे ज्ञान नव्हतं असं होत नाही. तळव्याला ओल लागते का, मूठ वळते का, चिमूट किती वेळात वर येते, हे बघणं म्हणजे निरीक्षणच, आणि ते पिढ्यान् पिढ्या पडताळलेलं. अडचण फक्त एवढी की खूण एकाच परिस्थितीत शिकलेली असते. तांदूळ बदलला, गूळ बदलला, कुटण्याच्या जागी मिक्सर आला, गाव सोडून पुण्याला किंवा परदेशात जावं लागलं, की खूण अडखळते. तेव्हा कारण ठाऊक असलेली व्यक्ती स्वतःच खूण जुळवून घेते, नसलेली नशिबाला बोल लावते. शिवाय आईच्या शेजारी बसून शिकण्याइतका वेळ आता अनेक मुलींना मिळत नाही, आणि मुलग्यांना तर तो पूर्वीही कुणी दिला नव्हता. हाताखाली राहूनच हे येतं, असं म्हणत राहिलो तर हे ज्ञान तिथेच संपेल.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा आहे: मग सरळ वजनकाटा आणि तापमापी वापरा, खुणांचं काय एवढं? वजनकाटा जरूर वापरावा. 1970 मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याच्या मापाने कितीतरी नवख्या हातांना धीर दिला, आणि ते उपकार मोठे आहेत. पण ओल्या पिठाची वाटी दाबून भरली की हलक्या हाताने, यावर बराच फरक पडतो, आणि गुळाचंही तसंच. वजनाने तो फरक मिटतो. मात्र पिठात ओल किती आहे हे घरातला काटा सांगू शकत नाही, आणि गूळ नवा की जुना, कोरडा की चिकट, हेही नाही. म्हणून वजन करून झाल्यावरही मूठ वळून बघावीच लागेल. माप आणि खूण यांत भांडण नाही. माप आरंभाची जागा ठरवून देतं, पुढची वाट खुणेने चालायची असते. आजकालच्या चित्रफितींत पहिली गोष्ट भरपूर दाखवतात आणि दुसरी जवळजवळ वगळतात. त्याचं वाईट वाटतं, कारण हाताला पीठ कसं लागतं हे शब्दांत सांगणं कठीण असलं तरी अशक्य नाही.

तिसरं म्हणणं व्यवहाराचं: दिवाळीआधी दुकानात आणि घरगुती उद्योग करणाऱ्या बायकांकडे अनारशाचं तयार पीठ मिळतं, तयार अनारसेही मिळतात, मग हा खटाटोप कशाला? ज्यांना वेळ नाही त्यांनी विकत घ्यावं, त्यात कमीपणा काहीच नाही, उलट ते पीठ करणाऱ्या बाईच्या कष्टाला दाम मिळतो. पण तयार पीठ आणलं तरी ते किती मुरलं आहे, किती सैल आहे हे तळणाऱ्यालाच बघावं लागतं, तेव्हा वरचं बरंचसं त्यालाही लागू आहे. तब्येतीचा मुद्दा कुणी काढला तर तो मात्र मला मान्य आहे. अनारसा म्हणजे गूळ, स्टार्च आणि तूप. त्याला पौष्टिक ठरवायच्या भानगडीत पडू नये, वर्षातून एक-दोनदा, थोडा खावा. घरच्या तळणात एवढं मात्र हातात राहतं की तूप चांगलं वापरता येतं, खाली पडलेली खसखस गाळून काढता येते, आणि तेच तूप पुन्हा पुन्हा तापवायचं टाळता येतं.

म्हणून यंदा अनारसे करणार असाल तर दोन गोष्टी करा. पिठाच्या डब्यावर एक चिठ्ठी लावा: तांदूळ कोणता, किती वेळ वाळवला, गूळ किती, कोणत्या तारखेला मळला. आणि तळायला बसल्यावर सगळी खसखस पसरून मोकळं होण्याआधी एकच अनारसा सोडून बघा. हसला तर आधी तूप थोडं तापवून दुसरा सोडा. तोही हसला तर दोष पिठात आहे. कोरडी तांदळाची पिठी थोडी थोडी मिसळून गोळा काही तास झाकून ठेवा आणि पुन्हा एक सोडून बघा. कडक, जाळी नसलेला निघाला तर उलट बाजूला जा, चमचाभर दूध किंवा थोडं केळं मळा. काय केलं आणि काय झालं ते त्याच चिठ्ठीवर लिहा, आणि पुढच्या वेळी घरातल्या ज्या कुणाला, मुलगी असो की मुलगा, हे शिकायचं असेल त्याच्या हातात ती चिठ्ठी द्या.